आत्याच्या गाडीचं मागचं चाक

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरकडं जाताना जे उजवं वळण लागतं, तिथल्या चहाच्या टपरीसमोर. आत्या मोटारसायकलवरून पडली, त्याला मी अन्याय म्हणत नाही. रस्ता आहे, चाकं आहेत, माणूस पडतं. अन्याय झाला तो त्यानंतर. ती अजून मुरमात बसलेली होती, कोपर सोललेलं, लशीचा डबा छातीशी धरलेला, आणि टपरीवरचा एक माणूस हातातल्या कपातला थेंबही न सांडता म्हणाला, "बाईला गाडी झेपत नाय. द्यायचीच कामून बाईच्या हातात?"

बाकीचे हसले. बस्स, एवढंच. खटला चालला, निकाल लागला, आणि जिच्यावर खटला होता ती अजून उभीसुद्धा राहिली नव्हती.

तो निकाल तिच्याआधी आमच्या घरी पोचला. आम्ही शहरात, पुंडलिकनगरात राहतो, माझे वडील वाळूजला एका कंपनीत आहेत. कुणीतरी फोन केला, आणि वडिलांनी फोन ठेवला तेव्हा त्यांच्या तोंडी तेच वाक्य होतं, शब्दाला शब्द: बाईला गाडी झेपत नाही. मी त्या वेळी पत्रकं लिहायचे, चौकात वाटायचे, वाक्यं कशी पसरतात याचा माझा अभ्यास होता असं मला वाटायचं. पण एवढ्या वेगानं पसरलेलं वाक्य मी तोवर पाहिलं नव्हतं. माझं एकही पत्रक सिल्लोडच्या पुढं गेलेलं नाही.

आत्या फर्दापूरला राहते, पशुसखी आहे. घाटाखालच्या वस्त्यांवर शेळ्यामेंढ्यांना लस टोचायची, जंताचं औषध पाजायचं, अडलेली शेळी मोकळी करायची, हे तिचं काम. वस्त्या एकीपासून दुसरी लांब, आणि लस बर्फातली. बर्फ वितळायच्या आत पोचलं नाही तर लस म्हणजे नुसतं पाणी. म्हणून गाडी. मामा, म्हणजे तिचा नवरा, वारला तेव्हा त्याची मोटारसायकल अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. सगळे म्हणाले, विकून टाक. आत्यानं ताडपत्री काढली, साडीवर मामाचा फुल बाह्यांचा शर्ट चढवला आणि वस्तीमागच्या पडीक रानात पडत-उठत गाडी शिकली. स्कूटी नव्हे, गिअरची, किकची मोटारसायकल. मागं कॅरिअरला लशीचा डबा बांधून ती घाटाखालचा सगळा मुलूख हिंडायची. गाडी गेली की काम गेलं, हे सांगायला माझी गरज नाही. ते काम दुसऱ्या कुणाला तरी देतील, आणि ज्याला देतील त्याला शेळीचा कान धरायला दहा वेळा विचार करावा लागेल.

वडिलांनी गाडी टेम्पोत घालून आमच्या गल्लीत आणली. आत्यालाही आणलं. आणि जाहीर केलं की कंपनीतला एक ओळखीचा रविवारी गाडी बघायला येणार आहे.

"गाडी ओढत होती," आत्या म्हणाली. कोपराला हळद लावून ती उंबऱ्यात बसली होती. उजवा खांदा दुसऱ्या हातानं चोळत होती. पडली होती डाव्या अंगावर, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. "डाव्या अंगाला ओढायची. वळणात शिरलीच नाय, दादा. डावीकडं सरकत सरकत मुरमात गेली."

"ओढायची म्हणं," वडील म्हणाले. "गाडी हाय का मेंढरू हाय ते?"

"मेंढरू असतं तर तू आत्तापस्तोर खाली बसून त्याचा खूर बघितला असतास."

आमच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. वडील आणि आत्या दोघंही कळपामागं हिंडून वाढलेले. लंगडणाऱ्या जनावराला आमच्यात कुणी आळशी म्हणत नाही. आधी त्याला थांबवायचं, खाली बसायचं, खूर हातात घ्यायचा, काटा शोधायचा. माणसाच्या बाबतीत मात्र आम्ही टपरीवरच्या लोकांचं ऐकतो. हे मी वडिलांना तेव्हाच तोंडावर सुनावलं, थोडं जास्तच मोठ्यानं. वडील म्हणाले, "तू भाषण नको करू. रविवारी माणूस येतोय." आणि आंघोळीला गेले.

शनिवारी मी गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजवर नेली. तिथले मिस्त्री आमच्या गल्लीच्या सगळ्या गाड्या बघतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. माझ्या डोक्यात पत्रक तयार होतं. दसऱ्याआधी आत्यानं टायर बदलला होता, आणि दुकानदारानं एक नंबर मोठा टायर बसवला होता, "वजन पेलतंय" असं सांगून. मला आरोपी सापडला होता, फक्त पुरावा हवा होता.

चाचांनी गाडी डबल स्टँडवर चढवली, मागचं चाक जमिनीपासून उचललं गेलं, आणि त्यांनी ते हातानं एकदा जोरात फिरवलं.

मी कधी चाक पाहिलं नव्हतं. हे खोटं वाटेल, पण खरं आहे. चाकावर बसून शाळा-कॉलेज केलं, मोर्चे केले. पण फिरत्या चाकाकडं बघत उभं राहायची वेळ कधी आली नव्हती. आऱ्या दिसेनाशा झाल्या. मधे चाकाचा तुंबा, म्हणजे हब, स्थिर असल्यासारखा, आणि भोवती नुसता राखाडी उजेड. चाचा खाली बसले आणि त्यांनी मला खुणेनं बसायला सांगितलं. रिमच्या कडेला लागून टायरवर एक बारीक उंच रेघ असते, सगळीकडून गोल फिरणारी. "वो लाइन देखो," ते म्हणाले. "टायर नीट बसला नसेल तर ती लाइन कुठं आत जाते, कुठं बाहेर येते. ह्याची देखो, एकसारखी. टायर बराबर बैठेला हाय."

माझ्या पत्रकाची पहिली ओळ तिथंच गेली.

मग त्यांनी चिमट्याला, म्हणजे चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या लोखंडी दांड्यांपैकी एकीला, हात टेकवून खडूचा तुकडा फिरत्या रिमजवळ नेला. रिम वाकडी असती तर खडू एकाच जागी घासला असता. खडू सगळीकडं सारखा, अगदी हलका लागला. चाक थांबलं तेव्हा रिमवर पांढरी गोल रेघ उमटली होती, पौर्णिमेच्या चंद्राभोवती खळं असतं तशी. इतकी वर्षं खड्ड्यांतून, मुरमातून, ओढ्यातून आपटत आलेलं लोखंड, आणि अजून इतकं गोल! वरची आणि खालची बाजू धरून त्यांनी चाक हलवून बघितलं. बेअरिंगही खडखडत नव्हतं.

"मग घासतंय कुठं?" मी विचारलं. कारण चिमट्याच्या उजव्या दांडीला, आतल्या अंगाला, रबर लागून काळा चकचकीत पट्टा पडला होता. ते मलासुद्धा दिसत होतं.

चाचांनी टायर आणि उजवी दांडी यांच्यामध्ये पुढच्या बाजूला बोट घालायचा प्रयत्न केला. गेलं नाही. डाव्या बाजूला घातलं. बोट गेलं, वर जागा उरली. "टायर जाडा असता तर दोन्हीकडं घासला असता," ते म्हणाले. "टायरचा कसूर नाय. चाक तिरकं बसतंय."

"कामून?"

दोन्ही दांड्यांच्या शेवटाला चेन ताणायचा बोल्ट असतो, आणि त्याच्यापाशी दांडीवर रेघा कोरलेल्या असतात. चाक किती मागं-पुढं आहे ते त्यावरून कळतं. चाचांनी उजवीकडच्या रेघा फडक्यानं पुसून मोजल्या. डावीकडं गेले आणि थांबले. तिथं काळ्या लोकरीचा दोरा बांधला होता, खाली भरगच्च गोंडा, सगळं तेलाधुळीनं माखलेलं. त्यांनी हात मागं घेतला, फडकं खांद्यावर टाकलं.

"चेन जरा ढिली हाय," ते म्हणाले. "पण गाडी पडेली हाय ना? चेसिस वाकली असणार. चेसिसला मी काय करणार, बेटा? विकून टाका."

घरी आल्यावर मी हे सांगितलं आणि वडिलांच्या चेहऱ्यावर एक प्रकारची शांती पसरली. म्हणजे पडली म्हणून वाकली, वाकली म्हणून आता विकायचीच. निकालावर मोहोर.

"पडायच्या आधीपासून ओढायची," आत्या म्हणाली.

"पडल्यावर वाकली ती."

"आधीपासून, दादा. मी बसत होते तिच्यावर का तू?"

त्यांचं भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. वडील नुसते उठून गेले. आत्या भिंतीला टेकून बसली आणि मला म्हणाली, "माय, इथं कुठं धूळ हाय का?"

मला कळेना.

"साफ धूळ. बारीक. माणसं न चाललेली."

आमच्या गल्लीच्या पाठीमागं एक प्लॉट आहे, कधीचा मोकळा. बांधकामासाठी आणलेली वाळू उचलून नेली होती आणि खाली पिठासारखी बारीक माती उरली होती. रविवारी सकाळी, उन्हं तिरपी असताना, आत्यानं गाडी तिथं नेली. वडील मागोमाग आले, चहाचा पेला हातात घेऊनच. बहुतेक मला आणि तिला परत न्यायला. आत्यानं गाडी सुरू केली आणि प्लॉटच्या या टोकापासून त्या टोकाच्या कडुलिंबापर्यंत हळू, सरळ नेली. उतरली, गाडी उभी केली, आणि परत चालत आली. स्वतःच्या खुणेच्या बाजूबाजूनं, तिच्यावर पाय न टाकता.

मी सरळ जाणाऱ्या मोटारसायकलची एकच खूण पडते असं समजत होते. पुढचं चाक जिथून जातं तिथूनच मागचं जातं, मागचं पुढच्याची नक्षी पुसून त्यावर आपली उमटवतं. इथं तसं नव्हतं. पुढच्या चाकाची नक्षी एका कडेला तशीच शाबूत होती, आणि मागच्याची तिच्या उजव्या अंगाला, अर्धी तिच्यावर, अर्धी बाहेर. या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन खुणा, शेजारी शेजारी, एकमेकींना चुकवत गेलेल्या. तिरप्या उन्हात त्या अगदी स्वच्छ दिसत होत्या. लोखंडानं स्वतः लिहून दिलं होतं, आणि साऱ्या गल्लीत ते वाचायला उभे होतो आम्ही तिघंच.

"बघ," आत्या म्हणाली. "मागचा पाय पुढच्याच्या जागी पडत नाय."

वडिलांनी चहाचा पेला माझ्या हातात दिला. ते खाली बसले. मी त्यांना तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं: टाचा न टेकवता, हात गुडघ्यांवर, मान खुणेच्या अगदी जवळ. त्यांची कंपनीची पँट, इस्त्रीची, आणि त्या पँटच्या आत एकदम कुणी दुसराच माणूस.

"उजवीकडं पडतंय," ते म्हणाले.

"व्हय."

"सारखंच पडतंय. कमी-जास्त होत नाय."

"मग लंगडत नाय ती. तिरकी चालते." आत्याचा आवाज बदलला होता. "आपली ती भुरी व्हती बघ, कंबर एका बाजूला काढून चालायची."

"भुरीची कंबर जन्माची तिरकी व्हती."

"नव्हती. तिला मोठ्या मेंढ्यानं धडक मारलीवती. तू त्या दिशी झोपलावतास, कळपावर."

"मी कधी झोपलो नाय."

"लई बोलू नको. बाबानं तुला त्याबद्दल काठीनं हाणलंवतं."

वडील हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदा. दोघं खुणेच्या दोन बाजूंना बसले होते आणि मेलेल्या मेंढ्यांवरून वाद घालत होते, आणि मी चहाचा पेला धरून उभी होते. मला वाटलं, हे दोघं कधीकाळी रोज सकाळी असंच करत असतील: माळावर खाली बसून, कोण कुठून गेलं, कसं गेलं, कुणाला काय दुखतंय ते मातीवरून वाचत. आणि मग शहर आलं, डांबर आलं, आणि डांबरावर काहीच उमटत नाही.

"पण चेसिस वाकली असंल तरी असंच पडंल," वडील म्हणाले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. खुणेवरून तिरकेपणा कळला, कारण कळलं नाही.

मी चाचांना बोलावून आणलं. रविवार होता, ते बनियनवरच आले, पण ती खूण बघितल्यावर तसेच परत गेले आणि सुतळीचं बंडल घेऊन आले. सुतळी त्यांनी मागच्या टायरच्या पाठीमागून फिरवली आणि तिची दोन टोकं गाडीच्या दोन बाजूंनी पुढं आणली. एक मी धरलं, एक वडिलांनी. सुतळी ताणायची, आणि मागच्या टायरच्या बगलेला ती पुढून-मागून अशी दोन्ही जागी नुसती टेकायला हवी, दाबायला नको. चाक सरळ असेल तर दोन्ही सुतळ्या पुढच्या चाकाच्या दोन बाजूंनी सारख्या अंतरावरून जातात.

आमच्या जात नव्हत्या. माझ्याकडची पुढच्या चाकापासून लांब, उजवीकडं निघून चालली होती. वडिलांकडची टायरला चिकटायला आली होती. "अब देखो," चाचा म्हणाले, आणि ते पुढच्या चाकापासून मागं हळूहळू सरकत, चिमटा गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चेसिसला, जोडलेला असतो त्या सांध्याकडं गेले. तिथं त्यांनी डोळा लावला, बराच वेळ. "चेसिस सीधी हाय," ते म्हणाले. "चिमटा सीधा हाय. चाक चिमट्याच्या आत तिरकं हाय. डावं टोक पुढं सरकलंय."

वडिलांनी सुतळी दगडाखाली अडकवली आणि ते डाव्या टोकाकडं आले. चाचांनी तिथला गोंडा दोन बोटांनी उचलून बाजूला धरला, जसा देव्हाऱ्यातला पडदा धरतात. खाली कोरलेल्या रेघा दिसल्या. उजवीकडं जितक्या, तितक्या नव्हत्या. डावं टोक पुढंच होतं.

"हे कशानं सरकलं?" मी म्हणाले. "नट ढिला आहे का?"

नट ढिला नव्हता. नट आणि दांडीचं टोक यांच्यामध्ये लोकर होती.

तो दोरा कुणाचा, ते आम्हा तिघांना ठाऊक होतं. आमच्या शेवटच्या कळपातल्या काळ्या मेंढ्याची लोकर वडिलांनी जपून ठेवली आहे. नव्या गाडीला, नव्या घराला, नव्या बाळाला त्यातलीच चिमूटभर वळून बांधतात. नजर लागू नये म्हणून. दसऱ्याला वडील फर्दापूरला गेले होते. बहिणीची गाडी त्यांनी स्वतःच्या हातानं धुतली, स्वतः चाक सैल करून चेन ताणली आणि तो दोरा लोंबकळत राहू नये, कुठं गळून पडू नये, म्हणून चेन ताणायच्या बोल्टावर गुंडाळून वरून नट आवळला. घट्ट. रेघा तेव्हा दोन्हीकडं सारख्या होत्या, त्यांनी बघितल्या होत्या. पण लोखंडाला लोखंडाचा टेका हवा. घाटात चेन चाकाला पुढं ओढते, रोज, लशीच्या डब्याच्या वजनासकट, आणि पाठीमागून धरायला तिथं होती लोकर. ती दबत गेली, आणि चाक तेवढं तेवढं पुढं येत गेलं.

"मी कल बघितला ना धागा," चाचा हळू आवाजात म्हणाले. "तुमच्या देवाचा आहे म्हणून हात नाही लावला."

आणि मीही लावला नव्हता. आत्यानं तर रोज सकाळी त्याला हात लावून नमस्कार करून किक मारली होती.

वडील उभे होते. त्यांचा हात दोनदा पुढं गेला आणि दोनदा मागं आला. ती बांधलेली गोष्ट सोडायची नसते, आमच्यात तरी नाही. आत्यानं चाचांच्या हातातून पाना घेतला. "सरक," ती भावाला म्हणाली. तिनं नट सैल केला, बोटानं लोकर उकरून काढली आणि तळहातावर ठेवून आम्हाला दाखवली. दाबून दाबून ती टणक चकतीसारखी झाली होती, नाण्याएवढी, आरपार काळी. एवढीशी. मी ती हातात घेतली. मला तिचा राग यायला हवा होता, आणि आला नाही. भावाची सगळी काळजी एवढ्या जागेत दबून बसली होती.

मग चाचांनी दोन्हीकडच्या रेघा जुळवल्या, चेनची ढील बघितली, नट आवळले. पुन्हा सुतळी. या वेळी ती टायरला दोन्ही जागी अलगद टेकली, आणि पुढच्या चाकाच्या दोन बाजूंना सारखी जागा सोडून गेली. मी माझं टोक धरून उभी होते आणि ती सुतळी माझ्या हातात इतकी सरळ होती की मला श्वास सोडायची भीती वाटली.

"बस," चाचा आत्याला म्हणाले. "चालव."

आणि इथं ते घडलं ज्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे.

त्याच वेळी तो गिऱ्हाईक आला. वडिलांचा कंपनीतला ओळखीचा, प्लॉटच्या कडेला त्याची स्वतःची गाडी लावून उभा राहिला. आत्या निघाली. गाडी सरळ झाली होती, आम्ही सुतळीनं मोजली होती, आणि ती सरळ गेली नाही. ती उजवीकडं गेली. चांगलीच उजवीकडं, कडुलिंब चुकवून कुंपणाच्या तारेपर्यंत, आणि आत्यानं पाय टेकवून ती कशीबशी थांबवली.

गिऱ्हाईक हसला. "साहेब," तो वडिलांना म्हणाला, "तुम्ही म्हणत व्हता ते खरंच हाय. बाईला झेपत नाय."

ते वाक्य. पुन्हा. मी तोंड उघडलं होतं, माझ्याकडं उत्तर तयार होतं, लांबलचक. वडील मात्र खाली बसले. खुणेपाशी. मीही वाकले.

एक खूण होती. एकच. मागचं चाक पुढच्याच्या जागी, नेमकं. नक्षीवर नक्षी. ती उजवीकडं वळत गेली होती, पण एकजीव होऊन.

"गाडी बराबर हाय," वडील म्हणाले, स्वतःशीच. मग त्यांनी मान वर केली आणि तारेपाशी उभ्या असलेल्या बहिणीकडं बघितलं. ती उजवा खांदा चोळत होती.

आणि माझ्या डोक्यात ते सगळं एकदम उजाडलं. गाडी डावीकडं ओढायची. रोज थोडी जास्त. आणि रोज थोडी जास्त ती तिला उजवीकडं धरायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिलाही ठाऊक नव्हतं. तिच्या खांद्याला ठाऊक होतं. दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत ती एक तिरकी गाडी घाटातून सरळ चालवत होती. वळणावळणाला, समोरून एसट्या येत असताना, पर्यटकांच्या गाड्या हॉर्न मारत असताना, मागं बर्फाचा डबा. ती पडली, त्याचं आश्चर्य करत होतो आम्ही! ती इतके दिवस पडली नाही, याचं कुणी केलं नव्हतं. आता गाडी सरळ झाली, आणि तिचे हात अजून ते ओझं धरून होते, जे आता तिथं नव्हतं.

मी आयुष्यात मोठी माणसं पाहिली आहेत, व्यासपीठावर बसलेली. कुणाकडं बघून माझे हात असे जोडले गेले नाहीत.

वडील उठले, गुडघ्यावरची माती झटकली नाही. "गाडी विकायची नाय," ते गिऱ्हाइकाला म्हणाले.

"अहो, काल तर तुम्हीच..."

"काल मी खाली बसून बघितलं नव्हतं."

"पण आत्ताच बघितलं ना आपण, ती..."

"तुम्ही उभं राहून बघितलं," वडील म्हणाले, आणि ते आत्याकडं चालत गेले. मी तिथं होते म्हणून ऐकलं. ते फार हळू बोलले. "बाई, हात ढिले सोड. आता ती ओढणार नाय. तू धरू नको तिला."

"सवय झालीय रे, दादा."

"व्हय. आता सोड."

ती पुन्हा निघाली. पुन्हा उजवीकडं गेली, पण कमी. तिसऱ्यांदा आणखी कमी. चाचा ओरडत होते, "ढिला छोडो, ताई, ढिला!" गिऱ्हाईक कधी गेला ते आम्हाला कळलंच नाही. शेवटी तिनं त्या टोकापासून या टोकापर्यंत एक अशी खूण काढली की वडील नुसते बघत राहिले. भिंत बांधताना गवंडी ओळंबा लावतो तशी. प्लॉटभर आधीच्या वाकड्या खुणा होत्या, आणि त्यांना कापत ही एक.

उतरल्यावर आत्यानं माझ्याकडून ती लोकरीची चकती मागून घेतली, नखांनी पिंजून मोकळी केली, परत वळली आणि आरशाच्या दांडीला बांधली, जिथं ती कशाच्या मधे येत नाही. वडिलांनी तिला गाठ मारून दिली. त्याच दिवशी, ऊन डोक्यावर यायच्या आत, ती फर्दापूरला निघाली. वस्त्यांवर शेळ्या थांबल्या होत्या.

गाडी वाचली, काम वाचलं. पण ते वाक्य अजून फिरतं आहे. त्या वळणावर, त्या टपरीवर, आणि जिथं जिथं ते तिथून पोचलं तिथं.

म्हणून माझं मागणं तुमच्याकडं आहे, हे वाचणाऱ्या तुमच्याकडं. तुमच्या घरातली, गल्लीतली, गावातली बाई गाडीवरून पडली, तर तोंड उघडायच्या आधी खाली बसा. मागच्या चाकाशी बसा. टायर आणि दांडी यांच्या मधे बोट घाला, दोन्ही बाजूंना. धुळीतली खूण बघा. तिला विचारा, गाडी कुठं ओढते, आणि ती सांगेल त्यावर विश्वास ठेवा. आणि तुम्ही जर तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वळणावर चहा पीत होता, तर आज तिथं जा, आणि ते वाक्य परत घ्या. त्याच टपरीसमोर उभं राहून, त्याच माणसांदेखत, तितक्याच मोठ्यानं.